समुद्र नाही? मग शेकोटी आपलीच!

डिसेंबर लागला की मोबाइलवर एकच फोटो वेगवेगळ्या नावांनी यायला लागतो. वाळू, मागे काळाशार समुद्र, मध्ये पेटलेली लाकडं आणि कुणाच्या तरी मांडीवर गिटार. खाली लोकेशन गोवा, नाहीतर काशीद, नाहीतर गुहागर. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आपली मित्रमंडळी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट निघतात आणि शनिवारी रात्री ‘बीच बॉनफायर’ करून मोकळी होतात. आपण अमरावतीत, अकोल्यात बसून फोटोला लाइक देतो. मग चहाच्या टपरीवर तेच ते रडगाणं : ‘आपल्याकडे काय आहे बे?’

खरंय, समुद्र तर नाहीच. अमरावतीहून संध्याकाळी अंबा एक्स्प्रेस पकडली तरी मुंबईचं पाणी दिसायला दुसरी सकाळ उजाडते. वीकेंड जाण्या-येण्यातच संपतो. पण या आठवड्यात मला त्या रडगाण्यालाच उत्तर द्यायचंय. माझं म्हणणं एवढंच, की समुद्र त्यांच्याकडे असेल, शेकोटी मात्र आपली आहे. किनाऱ्यावर पेटते ती बहुतेक वेळा नुसती रोषणाई!

चिडू नका मुंबईकरांनो, हे भूगोलाच्या पुस्तकातलं आहे. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. म्हणून समुद्राकाठच्या रात्री उबदार असतात. मुंबईत ऐन जानेवारीत पारा १६-१७ अंशांवर आला की लोक कपाटातून स्वेटर काढतात. आपल्याकडे समुद्राची ही रजई नाही. कोरडी हवा, मोकळं आभाळ आणि काळी माती. दुपारी ३० अंशांत घाम पुसणारा माणूस पहाटे १०-१२ अंशांत कानटोपी शोधतो. थंडीची लाट आली की पारा त्याच्याही खाली. आणि उन्हाळ्याचं तर विचारूच नका. मे २०२४ मध्ये उन्हापायी अकोला जिल्ह्यात चक्क १४४ कलम लावावं लागलं होतं. पारा ४५च्या पार गेला होता. ज्या गावात उन्हामुळे लोकांनी एकत्र यायचं नाही असा हुकूम निघतो, तिथली माणसं थंडीत एकत्र येण्याची संधी सोडतील का? आपल्याला शेकोटीची हौस नाही, गरज आहे. आणि गरजेतून केलेल्या गोष्टीची मजाच न्यारी असते.

शेकाले का पाहाले?

आमच्या ग्रुपचे निम्मे लोक अमरावतीत, निम्मे अकोल्यात. बँक, इन्शुरन्स, कॉलेज, एक-दोघं वर्क फ्रॉम होमवाले. भेटायचं कुठे हा वाद कायमचा. तो मिटवला मूर्तिजापूरकडच्या एका मित्राच्या वावराने. दोन्ही गावांच्या मधोमध, हायवेपासून जवळ. हायवे तोच, ज्याचं नाव जून २०२२ मध्ये गिनीज बुकात गेलं. लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर सलग डांबरी रस्ता झाला, तो हा. त्यामुळे आता ‘रस्ता खराब आहे रे’ ही सबबही कुणाला सांगता येत नाही.

गेल्या जानेवारीत तिथे जमलो होतो. पुण्याहून सुट्टीवर आलेल्या एका मित्राने शेकोटीचं डिपार्टमेंट स्वतःकडे घेतलं. दोन वीत लाकूड पुरे असताना पठ्ठ्याने पुरुषभर ढीग रचला. पेटला तेव्हा फोटो झकास आले, वाद नाही. पण दहा मिनिटांत सगळे मागे सरकायला लागले. तोंड भाजतंय, पाठ गारठलीय आणि समोरचा माणूस ज्वाळांमुळे दिसेनासा झालाय. गप्पा बंद, नुसते मोबाइल सुरू.

तेवढ्यात मित्राचे काका आले. आम्ही सगळेच त्यांना काकाजी म्हणतो. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. ढिगाकडे पाहून म्हणाले, “काऊन बे, हा इस्तो शेकाले केला का पाहाले?”

आम्ही हसलो. काकाजी नाही हसले. काठीने त्यांनी जळती लाकडं बाजूला ओढली, ढीग मोडून मांडीएवढा केला आणि म्हणाले, “मोठा जाळ माणसाले दूर लोटते. लहान इस्तो जवळ आणते. सरका आता पुढं.”

सरकलो. गुडघ्याला गुडघा लागला. मग कुठे गप्पांना तोंड फुटलं. कुणाचं प्रमोशन हुकलंय, कुणाच्या घरी लग्नाचा तगादा आहे, कुणाला बंगलोर सोडून परत यायचंय पण लोक काय म्हणतील याची धास्ती आहे... हे सगळं त्या रात्री बाहेर आलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही रोज बोलतो. यातलं एक अक्षर तिथे कधी आलं नव्हतं.

‘इस्तो’ हा आपला शब्द. प्रमाण मराठीतल्या ‘विस्तव’चं हे वऱ्हाडी रूप. काडेपेटीही जपून वापरायच्या काळात इस्तो शेजारच्या घरातून मागून आणायचे, गोवरीच्या तुकड्यावर. चूल पेटली की शेजारणीला खबर मिळायची आणि इस्तव मागायच्या निमित्ताने चार शब्दही व्हायचे. म्हणजे आग ही तेव्हापासूनच वाटून घ्यायची वस्तू. होळीचंही तेच. घरोघरच्या पोरांनी शेणाच्या चाकोल्या थापायच्या, सुतळीत ओवायच्या आणि गावच्या होळीत नेऊन टाकायच्या. मेळघाटात तर होळी हा कोरकूंचा वर्षातला सगळ्यांत मोठा सण. परगावी कामाला गेलेला माणूसही होळीला घरी येतो. पब्लिक बॉनफायर म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

जळण काय, जेवण काय

आता थोडं प्रॅक्टिकल. बीचवाल्यांना लाकूड विकत घ्यावं लागतं. आपल्याकडे जळण वावरातच असतं. कापसाचा शेवटचा वेचा झाला की उरतात पऱ्हाट्या. त्या चटकन पेटतात, मोठा उजेड देतात आणि तितक्याच चटकन विझतात. सुरुवातीला त्या वापरा. तुऱ्हाट्या जरा दमदार, मधल्या वेळेला. आणि रात्र लांबवायची असेल तर वाळलेलं बाभळीचं लाकूड. त्याचा निखारा टिकतो, धूर कमी. ओलं लाकूड घेतलंत तर सगळी रात्र डोळे चोळण्यात जाईल. पेट्रोल-डिझेल शिंपडून पेटवायचा हिरोपणा तर अजिबात नको. भडका आधी हातावर येतो.

पऱ्हाट्यांची एक गोष्ट लक्षात ठेवा. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भातल्या कापसाचं काय केलं, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ही अळी झाडावर उरलेल्या बोंडांत दबा धरून राहते. म्हणून हंगाम संपला की पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, धुऱ्यावर रचून ठेवू नका, असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे तुमच्या शेकोटीने शेतकऱ्याचं थोडं कामच होतं. पण म्हणून अख्खं वावर पेटवायचं नाही हं! बाकीच्या पऱ्हाट्यांचा बारीक भुगा करून खत केलं तर मातीला जास्त फायदा.

खायचं काय? इथे तर बीचवाल्यांनी आपल्यापुढे हात टेकावेत. निखाऱ्यात वांगी टाका, सोबत हिरवी मिरची आणि लसूण. वांगं नरम पडलं, साल काळी झाली की सोला, ठेचा, वरून कच्चं तेल. हे भरीत आणि कळण्याची भाकर. तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडा. हरभरा घाट्यावर असेल तर झाडासकट जाळावर धरा. हुरडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण सोयाबीन आणि कपाशीच्या गर्दीत ज्वारीचं वावर शोधावं लागतं, हे आधीच सांगून ठेवते. आणि वेळ असेल तर गोवऱ्यांच्या आरावर रोडगे. एकेक रोडगा कापडात घालून झटकायचा, राख उडवायची, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. बार्बेक्यू नेशन वगैरे सगळं ठीक आहे, पण रोडग्यांपुढे... जाऊ द्या!

पर हेड इतके रुपये

आता हीच शेकोटी विकायलाही निघालीय. ‘बॉनफायर नाइट, पर हेड इतके, डीजे आणि अनलिमिटेड स्टार्टर्स फ्री!’ मी एकदा डोंगरातल्या एका हॉटेलात अशा नाइटला गेले होते. नाव घेत नाही. शेकोटीभोवती लोखंडी कठडा, खुर्च्या डीजेकडे तोंड करून. आगीकडे पाठ! स्टार्टर्स आणून देणारी पोरं अर्ध्या बाहीच्या युनिफॉर्ममध्ये कुडकुडत उभी. एकाला मी म्हटलं, “दादा, या न, घडीभर शेका.” तो दाराकडे पाहत म्हणाला, “नाही ताई, साहेब पाहून राहिले.”

मला त्या रात्रीचं एकही गाणं आठवत नाही. हे वाक्य मात्र आठवतं. ज्या शेकोटीजवळ गारठलेल्या माणसाला बसता येत नाही, तिला शेकोटी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

चिखलदऱ्याबद्दल मात्र तक्रार नाही. विदर्भात थंडी खायची तर तीच जागा. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच, कॉफीचे मळे आणि भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं ती गोष्ट ऐकवायला भीमकुंड. पण त्याच्याच अंगाला मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आहे, १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले ९ प्रकल्प झाले त्यांतला एक. हॉटेलच्या आवारात व्यवस्थापनाने लावलेली शेकोटी वेगळी आणि वाटेत गाडी थांबवून सागवानाच्या पाचोळ्यात पेटवलेली ‘छोटीशी’ आग वेगळी. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं आणि जळती सोडून जाणं हा गुन्हा आहे. अकोलेकरांसाठी हीच गोष्ट काटेपूर्णाला लागू. महानच्या धरणाचं पाणी कितीही बीचसारखं दिसो, भोवताली १९८८ पासून अभयारण्य आहे. तिथे पक्षी पाहा, सूर्यास्त पाहा. काडी खिशातच ठेवा.

आणि बीचवाल्यांनाही काही सगळं रान मोकळं नाही बरं का. गोव्यात २०१९ पासून किनाऱ्यासारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे. आपले आयटीवाले दोस्त ऑनसाइटला जाऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या ओशन बीचवरून फोटो टाकायचे, तिथे शेकोटीसाठी ठरलेल्या जागी गोल कडी होती. बुकिंग नव्हतं, जो आधी येईल त्याची. पण मार्च ते ऑक्टोबरच, रात्री साडेनऊला आग विझलेली लागायची आणि रंग दिलेलं, खिळे ठोकलेलं लाकूड चालायचं नाही. मला ही कल्पना जाम आवडते. आग सगळ्यांची आणि नियमही सगळ्यांचे. आपल्या नगरपालिकांनी, महापालिकांनी हिवाळ्यात एखाद्या मैदानाच्या कोपऱ्यात अशी दोन-चार कडी केली, तर वडाळी तलावावर नुसतं पाणीपुरी खाऊन परतणाऱ्या किती जणांची सोय होईल!

तुमच्या ऑफिसच्या गेटवरची शेकोटी

तोवर शहरातली खरीखुरी पब्लिक शेकोटी कुठे असते ठाऊक आहे? रात्री उशिरा ऑफिसातून, जिममधून, सेकंड शो सुटल्यावर घरी जाताना गाडीचा वेग कमी करा. दिसेल. अपार्टमेंटच्या गेटवर, एटीएमच्या पायरीजवळ, ऑटो स्टँडवर, पहाटे भाजीबाजारात. चार माणसं उकिडवी बसलेली आणि मध्ये जाळ. त्या जाळात काय असतं ते मात्र नीट पाहा. आपण ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके, त्यावरची चिकटपट्टी, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या पिशव्या. कधी सायकलचं टायर. सुकं लाकूड विकत घ्यायला पैसे लागतात, कचरा फुकट असतो. तो काळा धूर रात्रभर त्या माणसाच्या छातीत जातो आणि थोडा वर तुमच्या बेडरूमच्या खिडकीतही येतो.

उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये, मोठ्या ढिगाला २५,००० रुपये अशी भरपाईही ठरवली. ठीकच आहे. पण थंडीत रात्रभर जागणाऱ्या चौकीदाराकडून ५,००० रुपये मागायचे आणि त्याला ऊब कुठून मिळणार हे विचारायचंच नाही, हा कुठला न्याय? दिल्लीच्या प्रदूषणाचं कितीही हसू करा, तिथल्या कृती आराखड्यात निदान एक शहाणपण आहे. सोसायट्यांनी आपल्या चौकीदारांना, सफाई कामगारांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे कचरा जाळायची वेळच येणार नाही, असं त्यात लिहिलंय.

आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा फ्लॅटवाल्यांनी मिळून हेच केलं. गेटवरच्या केबिनमध्ये एक छोटा हीटर आणि एक जाड ब्लँकेट. माणशी खर्च आला तो त्या बॉनफायर नाइटच्या एका तिकिटापेक्षा कमी. चौकीदार काका पहिल्या रात्री म्हणाले, “बिल कोणाच्या नावावर येईन?” हा प्रश्न त्यांना पडावा, याचंच वाईट वाटलं.

एक धोका आवर्जून सांगायला हवा. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी बंद केबिनमध्ये, तंबूत किंवा खोलीत कधीच घेऊन झोपू नका, कुणाला झोपू देऊ नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. निखारा उघड्या आभाळाखालीच बरा.

विझवायलाही शिका राव

पेटवणं सगळ्यांना येतं. विझवताना बहुतेक लोक दोन लाथा माती ढकलतात आणि गाडीत बसतात. इथेच फसगत होते. आठवा, आजी रात्री चुलीत काय करायची? निखाऱ्यावर राख ओढून ठेवायची. कशासाठी? तो सकाळपर्यंत जिवंत राहावा म्हणून! राख आणि माती निखाऱ्याला मारत नाहीत, पांघरूण घालतात. किनाऱ्यावरही असंच होतं. वाळूखाली झाकलेल्या निखाऱ्यावर सकाळी अनवाणी पाय पडतो आणि पोळतो. आपल्याकडे पहाटेचा वारा सुटतो, ठिणगी उडते आणि शेजारी सोयाबीनच्या कुटाराचा ढीग किंवा कडब्याची गंजी असली तर कुणाची वर्षभराची जनावरांची वैरण जाते. आपली एक रात्र, त्याचं एक वर्ष.

तेव्हा पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता. चर्रर्र आवाज बंद झाला की हात जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून एक बादली. निघायच्या अर्धा तास आधीच हे सुरू करा आणि पाण्याच्या दोन बादल्या शेकोटी पेटवायच्या आधीच भरून ठेवा.

कचरा? त्यासाठी तर आपल्याकडे साक्षात गुरू आहेत. गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला येते, ऐन शेकोटीच्या दिवसांत. १९५६ साली याच तारखेला अमरावतीजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. गावात आले की आधी खराटा, रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम. आपलं कीर्तन आधी होतं, हरकत नाही. पण सकाळी चिप्सची पाकिटं आणि बाटल्या तिथेच सोडून ‘नेचर ट्रिप’चे फोटो टाकायचे, हे त्या माणसाच्या जिल्ह्यात तरी शोभत नाही.

तर मंडळी, या शनिवारी गोव्याचे फोटो बघत बसू नका. गावाकडच्या मित्राला फोन लावा, त्याच्या घरच्यांना आधी विचारा. वांगी, मिरच्या, तेल, पाण्याच्या बादल्या आणि एक खराटा गाडीत टाका. गिटार असली तर आणा, नसली तरी बिघडत नाही. जाळ मांडीएवढाच ठेवा. आणि शेकोटीभोवती बसताना एक जागा मोकळी सोडा. रात्री ओलीत करायला निघालेला कुणीतरी धुऱ्यावरून जातोच. त्याला हाक मारा, “या न भाऊ, बसा घडीभर!”